चिंधी बांधलेला दुधी

गणपतीत चिंधी बांधून बियाण्यासाठी राखलेला दुधी दिवाळी सरली तरी हिरवागार होता. एव्हाना तो वाळून खुळखुळायला हवा होता.

"वेलावर काही फवारलंस?" गोदाक्कांनी सुनेला विचारलं.

"टिकाऊचं औषध. सगळेच फवारतात, आई. भाजी वर्षभर ताजी राहते, सांडगे घालायची कटकटच नाही," केतकी म्हणाली.

"आणि ही चिंधी दिसली नाही तुला?"

"दिसली ना. तुम्हाला तो जपायचाय असं वाटलं, म्हणून त्याच्यावर दोनदा मारलं."

गोदाक्कांनी विळीवर दुधी उभा चिरला. आतली बी नखाने दाबताच तिचं पाणी झालं. सासूने दिलेलं वाण त्यांनी चाळीस वर्षं राखेच्या डब्यात सांभाळलं होतं, आणि डब्यातल्या शेवटच्या बिया त्यांनी याच पावसाळ्यात लावल्या होत्या.

"गावात कुणाकडून तरी बी विकत आणू," केतकी चाचरत म्हणाली.

"कुठून? न फवारलेला एक वेल दाखव मला गावात."

गोदाक्कांनी दोन्ही फोडी तिच्यापुढे आदळल्या.

"घे. हा आपला शेवटचा दुधी. वर्षभर ताजा राहील, बघत बस त्याच्याकडे."