कारणाचा रकाना

नवजात कक्षात महिनाभरातलं चौथं बाळ गेलं, जुळ्यांपैकी थोरलं. सिस्टर घोलपांनी नोंदवहीत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘हात धुवायच्या बेसिनला तीन आठवडे पाणी नाही.’

डॉक्टरांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "सिस्टर, हा आजार आम्हाला शिकवला नव्हता. जंतुसंसर्ग लिहा."

"आधीच्या तिघांना तेच लिहिलं, सर. वरून इंजेक्शनं आली, प्लंबर नाही आला."

शेजारच्या वॉर्मरमध्ये धाकट्यालाही ताप चढला होता. डॉक्टरांनी तिकडे एकदा बघितलं आणि आहे त्यावर सही केली.

वरच्या कार्यालयाला हे कारण कुठल्याच तक्त्यात बसवता येईना, म्हणून चौकशी समिती निघाली. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी नळ दुरुस्त झाला. मोठ्या साहेबांनी तो स्वतः सोडून बघितला. पाणी धो धो आलं.

"बाई, पाणी तर आहे की," ते म्हणाले आणि खोटी नोंद केल्याची नोटीस त्यांनी सिस्टरच्या हातात ठेवली.

सिस्टरनी नोटीस खिशात घातली, साबण लावून हात धुतले आणि ताप उतरलेल्या धाकट्याला दूध पाजायला उचललं.