पत्रा बसेपर्यंत माहेर बंद

ग्राइंडर टेकवला मात्र, आणि जीपच्या मडगार्डचा धड दिसणारा पत्राही भुगा होऊन शिवयोगींच्या पायावर पडला. ते खूश झाले. "बघितलंस? गंज मुळापासून काढला!" ते घराकडे बघून ओरडले. मुळापासून निघाला हे खरं. सोबत मडगार्डही निघालं.

ही जीप जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरापुढे विटांवर उभी होती. पाटबंधारे खात्यातून शिवयोगी निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने ती लिलावात काढली आणि त्यांनी ती घेतली. दोघांनाही खात्याने एकदमच मोकळं केलं म्हणा ना! तेव्हापासून दोघांचं फार जमायचं.

ती विटांवर चढली ती धोंड्याच्या महिन्यामुळे. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालण्याचा हा महिना. शिवयोगी बायकोला, दानेश्वरीबाईंना, घेऊन जीपने थाटात मैंदर्गीला निघाले. सासुरवाडीच्या दारात, अख्ख्या गल्लीसमोर, पांढऱ्याशुभ्र पँटीत ते उतरायला उठले आणि गंजलेल्या तळातून त्यांचा पाय आरपार खाली गेला. जावई अर्धा गाडीत, अर्धा मैंदर्गीच्या मातीत. मेहुणा नंदीश त्यांना उपसून काढता काढता म्हणाला, "दाजी, गाडी पायानं ढकलत आणली का काय?"

गल्ली हसली. सासूबाई गौरम्मांनीही तोंडाला पदर लावला. झालं! शिवयोगींनी तिथल्या तिथे भीष्मप्रतिज्ञा केली. "आता ह्या उंबऱ्यात येईन तर ह्याच जीपमधून. पत्रा मी स्वतः बसवीन. तोवर आमच्या घरातलं कुणी मैंदर्गीत पाऊल टाकणार नाही!" त्यांच्या घरात माणसं दोनच. तेव्हा माहेर कुणाचं तुटलं ते सांगायला नको.

दानेश्वरीबाईंनी घरी आल्यावर एकदाच विचारून बघितलं. "एसटीनं जाऊन येऊ की. अव्वा थकलीय आता. वाट बघत बसती."

"चारचौघांत शब्द दिलाय मी. तू जाशील तर माझ्या जीपमधून, राणीसारखी. तोवर न्हाय म्हणजे न्हाय."

बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. आपलं म्हणणं बायकोला पटलं की नवऱ्याला किती बरं वाटतं, नाही का?

आता गॅरेजवाल्याकडे गाडी दिली असती तर पंधरवड्यात काम झालं असतं. पण मग शब्दाचं काय? शिवयोगींनी वेल्डिंगचं मशीन आणलं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून विद्या शिकायला घेतली. पहिल्या पत्र्याला वेल्डिंग करताना भोक पडलं. ते भोक बुजवायला गेले, तर ते मोठं झालं. मग त्यांनी गॅरेजवाले लावतात ती पुट्टी आणली आणि डोशाच्या पिठासारखी जाड थापली. ती वाळली, उन्हाने तडकली आणि ढलपा होऊन गळून पडली. दोष अर्थात पुट्टीचा. नाचता येईना, अंगण वाकडं!

सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हात हा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून दिवसभर जीपखाली आडवा असायचा. शेजारी थर्मासमध्ये चहा असायचा, डब्यात चटणी-भाकरी असायची. दुपारी त्यांनी कधी घराकडे बघून हाक मारली, तर ते उत्तराची वाट न बघता पुन्हा ग्राइंडर सुरू करायचे. बायको समजूतदार. कामात व्यत्यय आणायची नाही.

एक गोष्ट मात्र खरी. रात्री पाठ टेकली की त्यांना वाईट वाटायचं, अगदी मनापासून. आपल्या एका शब्दापायी ही बिचारी आईला भेटायला तरसतेय, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. मग दुसऱ्या दिवशी ते जरा जास्तच जोरात पत्रा घासायचे.

आणि खरंच, पुढचा धोंडा येता येता जीप उभी राहिली. जाड पत्र्याचा नवा तळ, नवी मडगार्डं, वर झगझगीत हिरवा रंग. रंगाचे ओघळ होते, पण चालत्या गाडीचे ओघळ कोण बघतं?

अक्कलकोट मागे पडलं तसं शिवयोगींना भरून आलं. "अव्वा दिसली की रडू नकोस हं," ते बायकोला म्हणाले. दानेश्वरीबाई बाहेर ज्वारीच्या रानाकडे बघत राहिल्या. शिवयोगींचे स्वतःचेच डोळे पाणावले.

सासुरवाडीच्या दारात त्यांनी मुद्दाम लांबलचक हॉर्न वाजवला. गल्ली गोळा झाली. "नंदीश, चढ वर. आपट पाय!" नंदीश चढला, पाय आपटला, चक्क दोन उड्या मारल्या. तळ हलला नाही. "मानलं दाजी तुमाला," तो म्हणाला. शिवयोगींनी गल्लीवरून अशी नजर फिरवली की काय विचारता!

इतक्यात गौरम्मा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या. फार दिवसांनी घरी आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकतात, मगच त्याला आत घेतात. "बर्री, या, या जावईबापू! तीन वर्षं झाली की ओ तुमाला बघून!" म्हणत त्यांनी शिवयोगींवरून तुकडा उतरवला, लांब फेकला आणि रिकाम्या हाताने आत वळल्या.

शिवयोगींना कसंसंच झालं. पोटची पोर दारात उभी, आणि म्हातारी तिला विसरली! ते दोन पावलं पुढे झाले. "अव्वा, अहो, हिच्यावरनं तुकडा टाकायचा राहिला."

गौरम्मा थांबल्या. त्यांनी जावयाकडे नवलाने बघितलं.

"तिच्यावरनं कशाला? ती तर दर सोमवारी येती की."