कुणीच न पाहिलेलं

मामानं आणलेलं स्थळ मोडून प्रतिक्षा पुण्याला शिकायला गेली, ती दिवाळीलाच निरवांगीला परतली. सकाळपासून तिची आई म्हाळसा तिच्याशी गोड बोलत होती, पण तोंडाकडं बघत नव्हती. नजर आपली अंगणातल्या शेळीवर.

आईचा रुसवा काढायला प्रतिक्षानं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र तिच्या हातात दिलं. मधोमध काळाकुट्ट गोल, भोवती पिवळाधमक उजेड.

"ह्याला कृष्णविवर म्हणत्यात, आई. आत पडणारा वायू पडता पडता असा पेटतो. जवळनं जाणारा उजेडसुद्धा वाकतो. जगात अजून कुणीच आपल्या डोळ्यानं बघितलं न्हाय हे. आमी नुसत्या गणितानं काढलंय."

म्हाळसानं मान तिरकी करून चित्र न्याहाळलं आणि खुदकन हसली.

"एवढं शिकून हेच व्हय? अगं, मला रोज दिसतंय की! मधी असंच काळं, कडंनं असाच लखलखाट. दाराची चौकट बी वाकती."

प्रतिक्षानं तिच्या हातातलं चित्र काढून घेतलं.

"कधीपास्नं, आई?"

"झालं की चार-सा म्हैनं. म्हटलं, पोरगी शिकतीया, तिच्या जिवाला कशाला घोर."

"माझ्याकडं बघ. सरळ बघ."

"नगं गं," म्हाळसा शेळीकडं तोंड फिरवत म्हणाली, "सरळ बघाया गेलं की तितं तू न्हाईस, निस्ता काळोख. अशी कडंनं बघितली, की तेवढी माझी लेक दिसती."