सातव्या भागाचा पहिला शो

मध्यंतराला नायक कड्याला लोंबकळला आणि प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर खुर्चीतून उठलाच. हा बाबा गेल्या वर्षीही याच कड्याला, याच शर्टात लोंबकळला होता. म्हणजे सातव्याऐवजी सहावा भाग लागला होता! नोकरी गेलीच म्हणत तो जिना उतरून धावला. खाली पॉपकॉर्नच्या रांगेत त्याचा मेहुणा उभा होता. सहावा भाग त्याने चारदा पाहिलेला.

"दाजी, काय सिनेमा आहे! सहावा याच्यापुढे पाणी भरेल!"

ऑपरेटरने कपाळावर हात मारला आणि पहिल्या शोला आलेल्या निर्मात्यांना थेट गाठलं. ते तिकीट खिडकीपुढची गर्दी बघत उभे होते.

"साहेब, माफ करा. माझ्या हातून चुकून सहावा लागला."

"तुझी काही चूक नाही," निर्माते हळूच म्हणाले. "सातवा म्हणून सगळ्या थिएटरांना आम्ही सहावाच पाठवलाय."

"मग सातवा कुठंय?"

"कपाटात, कुलूप लावून ठेवलाय." निर्मात्यांनी सुस्कारा टाकला. "दिग्दर्शकाने घात केला रे. या वेळी चांगला काढला."