काढून घेतलेली किल्ली

"सूनबाई, ब्रेक दाबला की पायाखाली थरथरतं, गाडी लवकर थांबत नाही," असं सासरे दोनदा म्हणाले होते. "ब्रेक नाही बाबा, तुमचे पाय थरथरतात," असं नवरा म्हणाला आणि तीही हसली. फाटकाला गाडी घासली त्या दिवशी त्यानं त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली.

आठ महिन्यांनी, मागच्या सीटवर बाळ झोपलेलं असताना, तिच्याच पायाखाली ब्रेक थरथरला. भिंत वीतभर लांब राहिली. मेकॅनिकनं चाकाजवळच्या सेन्सरची वायर दाखवली, आतून हिरवी पडलेली. "चाक फिरतंय की थांबलंय तेच गाडीला कळत नाही, म्हणून ती उगाच ब्रेक सोडते. वर्षभराचं दुखणं आहे हे."

घरी येऊन तिनं ती वायर नवऱ्याच्या ताटाशेजारी आपटली.

"झाली ना दुरुस्त? मग कशाला उकरून काढतेस?"

"बाबांची माफी तू मागतोस की मी जाऊन मागू?" ती कडाडली आणि किल्ली घेऊन सासऱ्यांच्या खोलीत शिरली.

ते भिंतीला धरून उठले. आठ महिने नुसतं बसून त्यांचे पाय आता खरंच थरथरत होते.

तुमच्याही घरी कुणाची किल्ली काढून घेतली असेल, तर आधी त्यांना बघून या.