पिन कुणी मोडली?

ऐका, मागच्या गल्लीतल्या घरात कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो होतो, तिथली गंमत सांगतो. कॉम्प्युटरचा आवाज बंद. सासू कानाशी येऊन म्हणाली, "सुनेचीच करणी. माझ्या बातम्या खुपतात तिला." सून पाणी देता देता पुटपुटली, "भाऊ, सासूबाईंचाच हात आहे. माझी गाणी बघवत नाहीत."

बघतो तर इअरफोनची पिन भोकात तुटून बसलेली! कॉम्प्युटर बिचारा समजतोय इअरफोन लावलाय, म्हणून स्पीकर गप्प. चिमट्यानं टोक ओढून काढलं. झालं, दोघींनी आपापले इअरफोन आणून माझ्यापुढं आपटले. दोन्ही धडधाकट! तरी एकमेकींकडं डोळे वटारून बघतायत.

"घरात आणखी कोण असतं?"

"सासरे आहेत, पण ते ठार बहिरे," सून म्हणाली.

निघताना दाराशी आजोबांनी माझ्या मुठीत एक मोडका इअरफोन कोंबला. हळूच म्हणाले, "लांब नेऊन टाक, बाबा. मला ऐकू येतं हे कळलं, तर या दोघींचा निवाडा रोज मलाच करावा लागेल."

तेव्हा कधी त्या घरी गेलात, तर तेवढं आजोबांशी जरा ओरडूनच बोला.