आईच्या हातची भाषा

टॅबवरच्या खुणांची भाषा शिकवणाऱ्या ॲपमधल्या बाईंनी 'पाणी' कसं म्हणायचं ते हातांनी दाखवलं. लेकीने तशीच खूण केली आणि पडद्यावर हिरवं 'बरोबर' उमटलं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आईने आपली नेहमीची खूण केली, तर लाल फुली.

"चाळीस वर्षं नापास होतीस की गं आई," लेकीचे हात हसत म्हणाले.

आईने हात पदराखाली घेतले ते घेतलेच. जेवायलासुद्धा नुसतं ताट वाजवून बोलवायची. दोन दिवसांत लेकीला घर परकं वाटायला लागलं.

तिसऱ्या दुपारी तिने टॅब आईसमोर उभा केला. "आता तू याला शिकव. आपल्या घरचा शब्दकोश करू. तू खुणा कर, मी अर्थ लिहिते."

हात बिचकत बाहेर आले. भाकरी, आभाळ, नाक खुपसणारी शेजारीण... दुपारभर आईच्या बोटांतून पाखरं उडत राहिली.

"आणि मला हाक मारताना स्वतःच्या छातीवर तळहात का टेकवतेस?"

"तान्ही होतीस. रडलीस तर कळावं म्हणून तुझ्या छातीवर हात ठेवूनच निजायचे."

टॅबवर अर्थाचा रकाना रिकामाच लुकलुकत राहिला. लेकीने आईचा तळहात उचलला आणि आपल्या छातीवर ठेवून घेतला.